कै. यशवंतराव चव्हाण व नाशिकची ठेव

धर्मग्रामाच्या ज्युबिली-स्मरणिकेंत मंदिराच्या उभारणीचा वृत्तांत असावा, येऊन गेलेल्या धर्मगुरूंचें कृतज्ञ स्मरण असावें, शाळेची व धर्मभगिनींच्या कार्याची हकीकत असावी, हें सर्वांस अपेक्षितच असतें. अशा पुस्तिकेंत एका राजकारणी पुरुषाचें चरित्र कशासाठीं, असें कोणी वाचकानें विचारल्यास तो प्रश्न गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं. त्यास उत्तर इतकेंच कीं, धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंब जसें मंदिराचें आहे, तसेंच तें या जिल्ह्याचेंहि आहे. रविवारीं मिस्सेस गुडघे टेकणारीं माणसेंच सोमवारीं देवळालीच्या छावणींत, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत किंवा ओझरच्या विमानांच्या कारखान्यांत कामावर जातात, आणि मतदानाच्या दिवशीं इतरांबरोबर रांगेंत उभीं राहतात. जिल्ह्याचा इतिहास हा म्हणून आपलाहि इतिहास होय.

या इतिहासांत १९६३ सालची एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या वर्षीं नाशिक मतदारसंघानें कराडच्या एका वकिलास लोकसभेवर बिनविरोध पाठविलें. एकहि मतपत्रिका पेटींत पडली नाहीं. आश्चर्य असें कीं, ज्या पुढाऱ्याच्या पक्षास सहाच वर्षांपूर्वीं याच नाशिकनें पाठ दाखविली होती, तोच हा पुढारी. नकारापासून विश्वासापर्यंतचा हा प्रवास कसा घडला, आणि नाशिकनें सोपविलेल्या या ठेवीचा हिशेब पुढें कसा चुकता झाला, तें या लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

जन्म व शिक्षण

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजीं देवराष्ट्रे या गांवीं, आजोळीं झाला. हें गांव त्या वेळीं सातारा जिल्ह्यांत होतें. आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. वडील कोर्टांत बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कायद्याच्या मोठ्या इमारतींतील अगदीं खालच्या पायरीवरचा माणूस. न्यायाधीशानें हुकूम द्यावा, वकिलानें त्यावर वाद घालावा, आणि बेलिफानें तो कागद घेऊन उन्हातान्हांत शेतकऱ्याच्या दारीं जाऊन तो बजावावा. प्लेगच्या सांथींत वडिलांचें निधन झालें तेव्हां यशवंत अगदीं लहान होता. आई विठाबाई हिनें व थोरल्या भावांनीं हालअपेष्टा सोसून घर चालविलें आणि या मुलाचें शिक्षण तुटूं दिलें नाहीं.

कराडच्या टिळक हायस्कुलांतील एक आठवण सर्वश्रुत आहे. शिक्षकांनीं वर्गांतील मुलांस तुम्हीं पुढें कोण होणार असें विचारलें, तेव्हां इतरांनीं थोर पुरुषांचीं नांवें सांगितलीं. यशवंतानें मात्र आपण स्वतःच होणार अशा आशयाचें उत्तर दिलें. हें उत्तर उद्धटपणाचें कीं आत्मविश्वासाचें, हें त्या वेळीं कोणास सांगतां आलें नसतें.

२६ जानेवारी १९३२ रोजीं कराड येथें राष्ट्रीय झेंडा फडकाविल्याबद्दल या विद्यार्थ्यास अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मॅट्रिकची परीक्षा राहून गेली. परंतु येरवड्याच्या तुरुंगांत आचार्य भागवत, एस. एम. जोशी यांच्यासारख्या विद्वान व त्यागी पुरुषांचा सहवास लाभला, आणि खेड्यांतून आलेल्या या मुलास ग्रंथांचें जें वेड लागलें तें अखेरपर्यंत सुटलें नाहीं. सुटकेनंतर १९३४ सालीं ते मॅट्रिक झाले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतून १९३८ सालीं बी. ए. व पुण्यास कायद्याचा अभ्यास करून १९४१ सालीं एल्एल्. बी. अशा पदव्या मिळवून त्यांनीं कराड येथें वकिलीस आरंभ केला. बेलिफाचा मुलगा काळा डगला घालून कोर्टांत उभा राहिला.

ही वकिली फार दिवस चालली नाहीं. २ जून १९४२ रोजीं फलटणच्या मोरे घराण्यांतील वेणूताई यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि दोनच महिन्यांनीं ‘चले जाव’ची चळवळ सुरू झाली. यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यांत त्या काळीं सरकारी सत्तेस जें आव्हान मिळालें, त्याच्या आरंभींच्या संघटनेंत त्यांचा मोठा वांटा होता. नवऱ्याचा ठावठिकाणा सांगत नाहीं म्हणून नवपरिणीत वेणूताईंस पोलिसांनीं अटक केली. १९४३ सालीं आजारी पत्नीस भेटावयास ते फलटणला गेले असतां स्वतःहि पकडले गेले. पक्षकारांच्या कागदांवर धूळ बसली ती बसलीच. तथापि वकिलीनें लावलेली एक शिस्त त्यांनीं जन्मभर टाकली नाहीं. बोलण्यापूर्वीं कागद वाचावयाचे, आणि निकाल करण्यापूर्वीं दुसरी बाजू पुरी ऐकून घ्यावयाची.

मुंबईचें विधिमंडळ

१९४६ सालीं सातारा जिल्ह्यांतून ते मुंबई प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले व गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या हाताखालीं संसदीय चिटणीस झाले. १९५२ नंतर ते मंत्री झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठी व गुजराती मुलखांच्या विशाल द्वैभाषिक मुंबई राज्याचें मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आलें. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं मिळालेला हा मान दिसावयास फुलांचा, परंतु वास्तविक कांट्यांचा होता.

कारण तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचा होता. मुंबईसह मराठी भाषिकांचें एक राज्य व्हावें यासाठीं लोक रस्त्यावर आले होते. शंभरांहून अधिक माणसांनीं प्राण दिले होते. यशवंतरावांसहि तेंच राज्य हवें होतें. परंतु तें पक्षांत राहून, दिल्लीचें मन वळवून मिळवावें असें त्यांचें मत होतें. संयुक्त महाराष्ट्रापेक्षां नेहरूंचें नेतृत्व आपणांस मोठें वाटतें अशा आशयाचे त्यांचे उद्गार लोकांच्या जिव्हारीं लागले. सभा उधळल्या गेल्या. ज्यांच्या सहवासांत तुरुंगांतले दिवस गेले ते एस. एम. जोशीच आतां विरुद्ध बाजूस, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या अग्रभागीं उभे होते.

१९५७ च्या निवडणुकींत लोकांनीं आपला कौल दिला. खुद्द कराडांत यशवंतराव थोड्याच मतांनीं तरले. नाशिकनें तर काँग्रेसला साफ नाकारलें आणि समितीच्या पाठिंब्यानें उभे राहिलेले शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांस लोकसभेवर पाठविलें. दादासाहेब हे दिंडोरी तालुक्यांतील आंबे गांवचे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांतील डॉ. आंबेडकरांचे निष्ठावंत सहकारी. नाशिकचा हा निकाल केवळ भाषेच्या प्रश्नावर नव्हता. जमीन व माणुसकी यांसाठीं झगडणाऱ्या गरिबाचाहि त्यांत आवाज होता.

पराभूत मनुष्याची परीक्षा येथेंच होते. ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचें अनावरण करण्यास पंडित नेहरू आले, तेव्हां समितीनें प्रचंड निदर्शनें केलीं. यशवंतरावांनीं तीं दडपून टाकण्याऐवजीं शांततेनें होऊं दिलीं. आणि लोकांच्या मनांत काय आहे तें पंतप्रधानांनीं वाटेंत डोळ्यांनीं पाहिलें. अशीलाच्या तोंडून वदविण्यापेक्षां पुरावाच न्यायाधीशापुढें ठेवावा, तशांतलाच हा प्रकार. द्वैभाषिक राज्य लोकांना मनापासून नको आहे, हें दिल्लीस हळूहळू पटलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य जन्मास आलें व त्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव झाले. हें राज्य लोकांच्या लढ्यानें मिळालें कीं मुख्यमंत्र्यांच्या मुत्सद्देगिरीनें, हा वाद पुष्कळ झाला. लढ्यावांचून मुत्सद्देगिरीस कोणी विचारलें नसतें आणि मुत्सद्देगिरीवांचून लढ्याचें माप पदरांत पडण्यास उशीर लागला असता, असेंच निःपक्षपाती इतिहासकारास म्हणावें लागेल.

त्यांच्या कारकीर्दींतील कायदे पाहिले म्हणजे विरोधकांचें म्हणणें त्यांनीं मनावर घेतलें होतें, हें दिसून येतें. ज्या महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी अनेक वर्षें झगडले, तीं कनिष्ठ गांवकामगार वतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. ज्या पालकांचें वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आंत आहे त्यांच्या मुलांस शिक्षणाची फी माफ झाली. घरच्या गरिबींतून वर आलेल्या मुख्यमंत्र्यास तिचें महत्त्व सांगण्याची गरज नव्हती. १९६१ सालीं जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून शाळा, रस्ते, दवाखाने व विहिरी यांचा कारभार पुष्कळ अंशीं जिल्ह्यांतील निवडून दिलेल्या माणसांच्या हातीं आला. कमाल जमीनधारणेचा कायदाहि १९६१ चाच. गांवच्या शाळेचें छप्पर गळत असल्यास मुंबईस अर्ज न करतां आपल्याच गटाच्या सभासदास जाब विचारतां यावा, ही गोष्ट आज साधी वाटते. त्या वेळीं ती नवी होती.

नाशिकची पोटनिवडणूक

२० ऑक्टोबर १९६२ रोजीं चीनच्या सैन्यानें हिमालयांतील सरहद्दीवर मोठा हल्ला केला. अपुऱ्या कपड्यांनिशीं व जुन्या बंदुकांनिशीं आपले जवान बर्फांत लढले व पडले. देश हादरून गेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस पद सोडावें लागलें, आणि पंडित नेहरूंनीं महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांस बोलावून घेतलें. २१ नोव्हेंबर १९६२ रोजीं, ज्या दिवशीं चीननें युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशीं, यशवंतरावांनीं संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हांकेस सह्याद्री धांवला, असें त्या वेळीं महाराष्ट्रांत घरोघरीं बोललें जात असे.

परंतु लोकनियुक्त सभागृहांत लोकांचा प्रतिनिधि म्हणून उभें राहावयाचें तर मतदारसंघ हवा. १९६२ च्या निवडणुकींत नाशिकची जागा काँग्रेसचे गोविंद हरि देशपांडे यांनीं जिंकली होती. ती १९६३ सालीं रिकामी झाली, आणि तेथून यशवंतरावांचें नांव पुढें आलें. त्यांचें घर कृष्णा-कोयनेच्या कांठीं. गोदावरीच्या कांठीं त्यांचें ना शेत, ना सोयरीक. तरीहि उमेदवारीचे अर्ज मागें घेण्याची मुदत संपली तेव्हां रिंगणांत दुसरा कोणी उरला नव्हता. कायद्याप्रमाणें अशा वेळीं मतदान होत नाहीं. निवडणूक-अधिकारी एकमेव उमेदवारास निवडून आल्याचें जाहीर करतो.

वाचकहो, बिनविरोध निवडणूक हा मोठा सन्मान खरा. पण लोकशाहींत ती एक अवघड वस्तुहि आहे. मतदान झालें म्हणजे निवडून आलेल्या माणसास कळतें कीं, इतक्या लोकांस मी हवा आहें व इतक्यांस नको आहें. बिनविरोध माणसास हें कळत नाहीं. मतदारानेंहि आपला एकमेव अधिकार त्या वेळेपुरता बाजूस ठेवलेला असतो. म्हणजे नाशिकनें यशवंतरावांस मतें दिलीं नाहींत. आपली मतें त्यांच्यापाशीं ठेव म्हणून ठेवलीं. शुभवर्तमानांतील कारभाऱ्याचा दृष्टांत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ठेव म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. मालक दूर असला तरी हिशेब द्यावाच लागतो.

ठेवीचा हिशेब

पहिला हिशेब देशाचा. पराभवाची चौकशी सेनाधिकाऱ्यांकडून झाली. तिचा अहवाल गुप्त राहिला, परंतु त्यांतील धडे कोणते हें संरक्षणमंत्र्यांनीं सप्टेंबर १९६३ मध्यें लोकसभेपुढें निवेदन करून सांगितलें. शिक्षण, शस्त्रास्त्रें, अधिकाऱ्यांची दृष्टि आणि डोंगरी युद्धाची तयारी यांत उणीवा होत्या, हें त्यांनीं झाकलें नाहीं. पूर्वीं मंत्री व सेनापति यांच्यामध्यें जो बेबनाव होता, तो निवळला. सेनादलें वाढविण्याची पंचवार्षिक योजना १९६४ सालीं आंखली गेली. डोंगरी लढाईसाठीं स्वतंत्र डिव्हिजनें उभीं राहिलीं. या तयारीची कसोटी लवकरच लागली. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांबच्या बाजूस पाकिस्तानचे रणगाडे घुसले, तेव्हां हवाई दलाचे प्रमुख अर्जनसिंग यांनीं विमानें पाठविण्याची परवानगी मागतांच, मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहतां, यशवंतरावांनीं ती तत्काळ दिली. जो मनुष्य नेहमीं दहा वेळां विचार करून बोलतो असें लोक म्हणत, त्यानें त्या दिवशीं क्षणाचाहि विलंब केला नाहीं.

दुसरा हिशेब नाशिकचा. रशियन बनावटीचीं मिग विमानें भारतांत तयार करण्याचा करार १९६२ सालचा, यशवंतराव दिल्लीस जाण्यापूर्वींचा. परंतु कारखाने उभे राहिले ते त्यांच्या मंत्रिपदाच्या काळांत. इंजिनाचें काम ओरिसांतील कोरापुटास, विद्युत्-यंत्रणेचें हैदराबादेस आणि विमानाच्या सांगाड्याचें व जुळणीचें काम नाशिकजवळ ओझर येथें, अशी विभागणी झाली. मुंबई-आग्रा रस्त्यावरील या गांवीं १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना व कामगारांची वसाहत उभी राहिली. फिटर, टर्नर, वेल्डर, ड्राफ्ट्समन अशा कामांसाठीं जिल्ह्याबाहेरून कुटुंबें आलीं व जिल्ह्यांतील मुलांस नवे धंदे शिकावयास मिळाले. येथें जुळलेलें मिग-२१ विमान कित्येक वर्षें हवाई दलाचा कणा होऊन राहिलें. तें २०२५ सालीं सेवेंतून निवृत्त झालें. येथें आलेल्या सुखोई विमानांच्या कामानें ओझरचें नांव कायम राखलें आहे. यशवंतरावांच्या शासनानेंच १९६२ सालीं स्थापिलेल्या औद्योगिक विकास महामंडळानें सातपूर व अंबड येथें वसाहती वसविल्या, आणि यात्रेकरूंचें व द्राक्षांचें नाशिक हें यंत्रांचेंहि नाशिक झालें.

उत्तरकाल

१९६७ सालीं यशवंतराव आपल्या सातारा मतदारसंघाकडे परत गेले व तेथूनच पुढें लोकसभेवर निवडून येत राहिले. गृह, अर्थ व परराष्ट्र हीं तिन्ही मोठीं खातीं त्यांनीं सांभाळलीं. गृहमंत्री असतांना, निवडून आल्यावर पक्ष बदलणाऱ्या आमदार-खासदारांचा सुळसुळाट झाला. त्यावर उपाय शोधण्यासाठीं नेमलेल्या समितीचे अध्यक्ष यशवंतरावच होते. तिचा अहवाल १९६९ सालीं आला. पक्षांतरास आळा घालणारी घटनादुरुस्ती मात्र १९८५ सालीं, त्यांच्या निधनानंतर झाली.

हिशेबाच्या वहींत जमेच्या पानासमोर नांवेंचें पानहि असतें, आणि तें लपविणें हें चरित्रकारास शोभत नाहीं. १९७५ सालीं आणीबाणी जाहीर झाली, वृत्तपत्रांवर बंधनें आलीं, विरोधी पक्षांचे पुढारी तुरुंगांत गेले. तेव्हां यशवंतराव मंत्रिमंडळांत होते व तेथेंच राहिले. ज्यानें स्वतः तरुणपणीं तुरुंग भोगला, ज्यानें प्रतापगडावर निदर्शकांस वाट मोकळी ठेवली, त्याच्याकडून अधिक धैर्याची अपेक्षा होती, असें त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनींहि म्हटलें आहे. १९७७ च्या पराभवानंतर ते लोकसभेंत विरोधी पक्षाचे नेते झाले. जुलै १९७९ मध्यें ज्या मोरारजी देसाईंच्या हाताखालीं त्यांनीं कारभाराचे पहिले धडे घेतले होते, त्यांच्याच सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीं मांडला. मोरारजींनीं राजीनामा दिला, व यशवंतराव चरणसिंग यांच्या मंत्रिमंडळांत उपपंतप्रधान झाले. हें सरकार कांहीं महिन्यांचेंच ठरलें. पुढें पक्ष सोडणें व परत त्याच पक्षांत जाणें यामुळें टीका झाली, आणि पूर्वींचा प्रभाव राहिला नाहीं. दुसरी बाजू ऐकण्याचा जो गुण त्यांस उंचीवर घेऊन गेला, तोच अखेरीस अनिर्णयाचा दोष होऊन बसला काय, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

१ जून १९८३ रोजीं वेणूताई निवर्तल्या. या दांपत्यास अपत्य नव्हतें. त्यांच्या वियोगानें यशवंतराव खचले, आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजीं दिल्ली येथें त्यांनीं देह ठेवला. कराडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधि आहे. आणि जन्मभर जमविलेले ग्रंथ वेणूताईंच्या नांवच्या स्मारकांत वाचकांसाठीं ठेवलेले आहेत.

उपसंहार

नाशिक व यशवंतराव यांचें नातें येथें संपावयास हरकत नव्हती. परंतु १९८९ सालीं राज्य विधिमंडळानें कायदा करून मुक्त विद्यापीठ स्थापन केलें, त्यास यशवंतराव चव्हाण यांचें नांव दिलें, आणि त्याचें ठिकाण निवडलें तें नाशिक. गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन गांवच्या परिसरांत हें विद्यापीठ उभें आहे. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरु. ज्यांस वेळेवर कॉलेजांत जातां आलें नाहीं, ज्यांचें शिक्षण गरिबीनें, लग्नानें, नोकरीनें किंवा आजारपणानें तुटलें, त्यांनीं आपल्या घरीं राहून, काम सांभाळून पदवी घ्यावी, हा त्याचा हेतु. तुरुंगांत गेल्यामुळें ज्याची मॅट्रिक राहून गेली, त्या मुलाचें नांव अशा विद्यापीठास शोभून दिसतें.

ज्या शहरानें १९५७ सालीं नकार दिला, त्यानेंच १९६३ सालीं विश्वास टाकला, आणि पुढें त्याच पुरुषाच्या नांवाची विद्यामंदिराची पाटी आपल्या वेशीवर लावली. यांतून आपण काय घ्यावें? नकार देणाऱ्या मतदारानें हट्ट धरूं नये, आणि नकार मिळालेल्या पुढाऱ्यानें डूख धरूं नये, एवढें तरी नक्कीच. आपल्या तरुणांपैकीं कोणी कायदा शिकत असतील, कोणी ग्रामपंचायतीस किंवा महानगरपालिकेस उभे राहतील. त्यांनीं एवढेंच ध्यानांत धरावें कीं, लोकांनीं दिलेली जागा ही मिळकत नव्हे, ठेव आहे. ती कधीं चुरशीच्या मतांनीं मिळते, कधीं न मागतां मिळते. हिशेब मात्र दोन्ही वेळां सारखाच द्यावा लागतो, आणि तो देतांना जमेचें व नांवेंचें अशीं दोन्ही पानें उघडीं ठेवावीं लागतात.